मनगटाला तेल

सुमेधने तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवली, बोट बुडवून पाहिलं आणि बैठकीत येऊन सुहासिनीबाईंसमोर स्टूल ओढलं. त्यांनी उजवा हात मांडीवरच्या नॅपकिनवर ठेवला. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. मनगट बारीक झालेलं, कातडी फिकी, बोटं अर्धवट मिटलेली. दोघांनीही टीव्हीकडे पाहिलं.

हे काम खरं सुमेधच्या बायकोचं, अवंतिकाचं. पण तिच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि तिला अमरावतीला जावं लागलं. जाताना नवऱ्याला बजावून गेली की फिजिओथेरपीवाल्या दीदींनी सांगितलंय, रोज संध्याकाळी बोटांपासून कोपरापर्यंत हलकी मालिश, खाडा नको. हाड केव्हाच जुळलंय, मावशींनीच भीतीने हात आखडून धरलाय.

सुमेधची चाळिशी उलटली होती. त्याची आई गेल्यावर वडिलांनी सुहासिनीबाईंशी लग्न केलं, तेव्हा तो पाचवीत होता. त्याने त्यांना मावशी म्हटलं, आणि बाकीची मुलं मावशीला अगंतुगं करतात तसं न करता 'तुम्ही' म्हटलं. त्यांनी त्याचे डबे केले, तापात उशाशी बसल्या, पण कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायला वडिलांनाच हाक मारली. घरात भांडण असं कधी झालं नाही. मागच्या वर्षी वडील, मुरलीधरराव, गेले आणि दोघांच्या मधलं माणूसच उठून गेलं. मग एकदा जेवताना बाईंनी सांगितलं की हात चालायला लागला की त्या नागपूरला, भाच्याकडे, गुणवंताकडे राहायला जातील. अवंतिका पुष्कळ नको म्हणाली. सुमेध एवढंच म्हणाला, तुम्हाला बरं वाटेल तसं. पुढे पानावरून उठेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

पहिल्या संध्याकाळी तो फॅक्टरीतला एखादा पार्ट पुसावा तसा तो हात पुसत होता.

“दुखून राहिलं का?”

“नाही.”

दुखत होतं. बाईंच्या पायाचा अंगठा फरशीवर घट्ट रुतला होता. त्याने जोर कमी केला.

पुढे त्याच्या हाताला आपोआप कळत गेलं. अंगठ्याच्या मुळाशी जरा वेळ थांबलं की बाईंचे खांदे खाली येत. तळव्याच्या मधोमध दाबलं की एक लांब श्वास सुटे, आणि त्यानंतर बोटं उघडत. टीव्ही आधी हळू झाला, मग कोणी लावेनासंच झालं. एका संध्याकाळी तर त्यांचा डोळा लागला. तो हात खाली कसा ठेवावा हे न कळून सुमेध तसाच बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या, वाटीतलं तेल निवलं. वडील गेल्यापासून तो रोज पहाटेआधीच जागा होत असे. त्या रात्री तो दूधवाल्याच्या घंटीपर्यंत झोपला. फॅक्टरीतले लोक म्हणू लागले, साहेब आजकल चिल्लाते नहीं. त्यालाही जाणवलं की आपले दात सदा आवळलेले असायचे, ते आता नसतात.

अवंतिकाने फोनवर विचारलं की मावशींना थांबा म्हणालास का. तो म्हणाला, काय बोलू, त्यांनी ठरवलंय.

शनिवारी बाई आपणहून बोलल्या. त्याच्याकडे न पाहता, स्वतःच्याच हाताकडे पाहत.

“तुझे बाबा गेले तेव्हापासून या हाताला कोणाचा हात लागला नव्हता बघ. लोक येतात, पाया पडतात. पायाला हात लागते. हाताला कोण काहून लावेल?”

सुमेधचा अंगठा थांबला.  मग तो पुन्हा मनगटापासून कोपराकडे जाऊ लागला, आदल्या दिवसापेक्षा हळू.

रविवारी गुणवंत बाईंना न्यायला गाडी घेऊन आला. मोकळा माणूस. आत्यासाठी वरची नाही, खालचीच खोली ठेवलीये, खिडकीशी मोगरा लावलाय, असं सांगत राहिला. जेवणं झाली. बाईंच्या बॅगा दाराशी आल्या. त्यांनी देवघरातल्या फोटोला नमस्कार केला, फ्रिजमध्ये कशात काय ठेवलंय ते सुमेधला सांगितलं, आणि खुर्चीवर बसल्या.

सुमेध स्वयंपाकघरात गेला. गुणवंतला वाटलं चहा येतोय. पण सुमेध तेलाची वाटी घेऊन आला.

गुणवंत म्हणाला की अंधार पडायच्या आत निघालेलं बरं, गावाबाहेर तिलवाऱ्याचा पूल, पुढे घाट आहे.

“होऊन जाऊ दे,” बाई म्हणाल्या आणि मांडीवर नॅपकिन पसरला.

सुमेधने उजवा हात घेतला. आता मूठ नीट मिटत होती, नीट उघडत होती, मनगट दोन्ही बाजूंना वळत होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्याने बोटांपासून कोपरापर्यंत सगळं केलं, आणि तो हात नॅपकिनवर ठेवला.

मग त्याने पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि डावा हात घेतला.

“भैया, मोडला तर उजवा होता नं?” गुणवंत म्हणाला.

सुमेधने मान वर केली नाही. हा हात कडक होता, इतके दिवस दोन्ही हातांचं काम एकट्याने केलेला. तो अंगठ्याच्या मुळाशी पोचला आणि तिथे थांबला. बाईंचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. गुणवंत एकदा बॅगांकडे बघे, एकदा यांच्याकडे.

“गुणवंता,” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “तू निघ. तिलवाऱ्याचा पूल उजेडात ओलांडलेला बरा.”