चाळीस अंशांचा फरक

लागोपाठ अकरा चकत्या वाया गेल्या होत्या. पोलादी पिंपातली हवा काढून, आत टांगलेल्या चकतीवर अणूंचे थर एकावर एक चढवायचे, हे त्या प्रयोगशाळेचं काम. थर नीट बसले की त्यांतून उष्णतेचे अदृश्य किरण टिपणारा डिटेक्टर बनतो. पण पिंपाची दुरुस्ती झाल्यापासून आरशासारखी चकती काही निघेना. सगळ्या दुधाळ.

"कच्चा मालच खराब," प्रयोगशाळेचे प्रमुख साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "परत पाठवू."

यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे मावशी म्हणत. अठरा वर्षं त्यांनी त्या पिंपाची मर्जी सांभाळली होती. त्या दुपारी जेवण बाजूला ठेवून त्या जुन्या नोंदवह्या घेऊन बसल्या.

थर चढवण्याआधी चकती तापवून तिच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा उडवावा लागतो. तो उडाला की चकतीचा पृष्ठभाग दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ठळक रेघा उमटतात. पूर्वी त्या उमटायच्या पाचशे तीस अंशांना. दुरुस्तीनंतर मात्र दर वेळी चारशे नव्वदलाच.

मावशी वही घेऊन तडक साहेबांकडे गेल्या.

"माल चांगला आहे, साहेब. तापमापक थापा मारतोय."

"अहो, कालपरवा तर बसवलाय!"

"बसवताना चकतीपासून मागे सरकलाय. पापुद्रा उडतो तो पाचशे तीसलाच, हा चारशे नव्वद दाखवतो. म्हणजे आपण चाळीस अंश जास्तच तापवतोय. थर चढत नाहीत, करपतात."

साहेबांनी वही दोनदा वाचली. "आणि बारावीही बिघडली तर?"

"तर ती माझ्या नावावर लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी काटा चाळीस अंश खाली ठेवला. सहा तास दोघं पडद्यासमोरून हलले नाहीत. रेघा शेवटपर्यंत जागच्या ढळल्या नाहीत. चिमट्याने चकती बाहेर काढली, तर काळाभोर आरसा! मावशींना त्यात स्वतःच्या भुवयांचे केस मोजता आले असते. सूक्ष्मदर्शकाखाली साहेब डाग शोधून दमले.

"मावशी, एकसुद्धा नाही हो!" ते इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली.

तीन महिन्यांनी त्याच चकतीतला डिटेक्टर कॅमेऱ्यात बसला. खोलीत अंधार केला, आणि पडद्यावर सगळ्यांचे चेहरे उजळून उठले. साहेबांचं गार नाक तेवढं काळं दिसत होतं. मावशी पोट धरून हसल्या, आणि साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.