विळा विझवलेलं ताक

मंजू सहा वर्षांची झाली तरी तिच्या ओठांना रंग नव्हता. लीलाधर आणि कमलची ही एकुलती एक लेक थॅलसेमिया नावाचं दुखणं घेऊनच जन्माला आली होती. दर महिन्याला तिला धरणगावहून जळगावला न्यायचं आणि दवाखान्यात रक्त चढवायचं. मग काही दिवस पोर अंगणात खेळायची आणि पुन्हा मलूल व्हायची.

ताईबाई ही लीलाधरची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. मंजू तिला फुई म्हणायची, तिच्याच कुशीत झोपायची. ताईबाईला एक गोष्ट उमगत नव्हती. अंगात रक्त नसलं तर काय खायचं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. लोखंडी कढईतली मेथी खायची, गूळ-शेंगदाणे खायचे. पण कमलने डॉक्टरांचं ऐकून कढई माळ्यावर टाकली, गूळ बंद केला, आणि वर जेवताना पोरीला कोरा चहा पाजायला लागली. शेजारच्या बेबाबाईला तेवढं निमित्त पुरे होतं.

"ताईबाई, जेवणसंगे चहा पाजीसनी तुन्ही भावजय पोरनं रगत आटाडी ऱ्हायनी."

ताईबाई भावजयीशी भांडली नाही. कमल शेतात गेली की ती चुलीत विळा लालभडक तापवायची, आंबट ताकात विझवायची आणि ते ताक मंजूला पाजायची. लहानपणी तिच्या आईने तिलाही असंच पाजलं होतं, आणि ती काटक निघाली होती. विळा ताकात बुडताना होणारा चुर्र आवाज मंजूला आवडायचा. फुईचं गुपित तिने कधी फोडलं नाही.

पुढे पोरीचा रंग काळपटला, पोट टणक लागायला लागलं. त्या महिन्यात ताईबाई हट्टाने कमलबरोबर जळगावला गेली. डॉक्टरांना जाब विचारायचाच, असं तिने ठरवलं होतं.

डॉक्टर वयस्कर होते. मंजूच्या हाताला रक्ताची नळी लावून झाली, मग त्यांनी तिचं पोट चाचपलं. यकृत बरंच वाढलं होतं. जेवणात काय देता, असं त्यांनी पुन्हा विचारलं. कमलने जसं होतं तसं सांगितलं. तेव्हा ताईबाईने तोंड उघडलं. पांढऱ्या पडलेल्या पोरीचं लोखंडाचं खाणं तोडायचं, हा कुठला न्याय, असं तिने विचारलं.

डॉक्टर रागावले नाहीत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"अक्का, आपल्या आतड्याला एक दार असतं असं समजा. जेवणातलं लोह त्या दारातून आत येतं. अंगात साठा कमी असला की दार मोठं होतं, भरपूर असला की आखडतं. कारण बाहेर काढायचं दार देवाने ठेवलेलंच नाही. आलं ते साठलं."

"मंग हिनं दार?"

"हिचं रक्त बनतं आणि लगेच मोडतं. हाडांच्या आत रक्त बनवायची धांदल चाललेली असते. तिथून दाराला हाका जातात, आणा, अजून आणा. दाराला कोठार भरलेलं दिसत नाही, हाका तेवढ्या ऐकू येतात. ते उघडंच राहतं. मग लोह यकृतात साठतं, हृदयात साठतं. चहाने ते आत जायला जरा अडतं, म्हणून चहा."

ताईबाईने पोरीच्या टणक पोटावर हात ठेवला. गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. पण पोट चाचपणाऱ्या माणसाला खरं कळायला हवं होतं.

"तिले मी पाजं. ताकमा विळा इझाडीसनी. कमलले म्हाईत नही."

कमलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आंबटात लोखंड जास्त उतरतं, म्हणून डॉक्टरांनी ताक आंबट असायचं का, किती दिवस चाललं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, चढवलेल्या रक्तातून याच्या कितीतरी पट लोह अंगात जातं, सगळा दोष तुमच्या ताकाचा नाही. साठलेलं हळूहळू काढणारं एक इंजेक्शन आहे, ते मुंबईहून मागवू. पण आजपासून खाण्यातून कणभरही जास्त लोह पोटात जाता कामा नये.

ते गेल्यावर दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. मंजूला झोप लागली होती. कमल बोलली. आवाज कोरडा होता.

"अक्का, मी शेतात असते. मंजूचं ताट तुम्हीच वाढायचं. पण मला ठाऊक नाही असं काही त्यात घालायचं नाही."

ताईबाईने मान डोलावली. थेंब थेंब रक्त उतरत होतं. पोरीच्या ओठांवर रंग चढायला लागला होता. इतकी वर्षं याच रंगाची ती वाट बघत आली होती. त्या रंगाबरोबर आत आणखी काय साठत चाललं आहे, हे आज तिला कळत होतं.