एकसष्ट नंबरचं बारसं

मित्रांनो, मालकाच्या गाडीला लाड ठाऊक असतात, मला फक्त गिऱ्हाइकं ठाऊक आहेत. दुबईच्या बंदराजवळ एका दुकानात उभी राहणारी मी एक भाड्याची पांढरी गाडी. पहिल्या वर्षी सगळे 'ती नवी द्या' म्हणून मलाच मागायचे. पुढे कुणी मला वाळूत रुतवलं, कुणी सीटवर सरबत सांडलं. भाड्याचं घोडं ओझ्यानं मेलं म्हणतात, ते उगाच नाही. सहा वर्षांत मी म्हातारी झाले.

माझी गिऱ्हाइकं बहुतेक क्रूझची. जहाज सकाळी धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधल्या सात-आठ तासांत त्यांना अख्खा देश बघायचा असतो. गेल्या डिसेंबरात पुण्याचे गुणवंतकाका आणि प्रमिलाकाकू आले, त्यांना मात्र देश बघायचा नव्हता. त्यांना तासाभरावरच्या उम्म अल कुवैनकडची एक दफनभूमी गाठायची होती.

तेहतीस वर्षांपूर्वी काका इथे नोकरीला होते. तेव्हा त्यांना मुलगी झाली आणि दहाव्या दिवशी गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, म्हणून तिला पुरलं. काकू इस्पितळात होत्या, काका एकटेच जाऊन आले. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं, त्यामुळे पोरीला नावच नव्हतं. दफनभूमीतून मिळालेल्या चिठ्ठीवर नुसता एक नंबर होता. ती चिठ्ठी काकूंनी देवाच्या डबीत जपली होती. क्रूझच्या थांब्यांत दुबईचं नाव दिसलं आणि काकू हट्टालाच पेटल्या. त्यांना तिथे जाऊन लेकीला नाव द्यायचं होतं.

दुकानातला हमदुल्ला रत्नागिरीकडचा, मोठा मायाळू माणूस. तो म्हणाला, "काका, मी येतो ना संगती. ड्यूटी आत्ता खलास होईल."

"अरे, दोन वर्षं नोकरी केलीय मी इथे," काका म्हणाले. "रस्ते बदलले असतील, मी नाही बदललो."

वाटेत काकूंनी चिठ्ठी माझ्या काचेशी ठेवली. काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि ते खूश झाले. "अगं, हे तर मराठीत आहे. एकसष्ट. कारकून आपल्याकडचा असणार."

मित्रांनो, मी तेव्हाच हादरले. ते आकडे अरबी होते. अरबीतला चार थेट आपल्या सहासारखा दिसतो आणि नऊ आपल्या एकासारखा. चिठ्ठीवर एकोणपन्नास होतं. मला कळलं, कारण माझ्या पाटीवर नंबर दोनदा लिहिलाय, अरबीत आणि इंग्रजीत. पण गाडीला हॉर्न असतो, जीभ नसते.

मी दफनभूमीच्या बुटक्या भिंतीपाशी उभी राहिले. तेव्हाच्या उघड्या वाळूत आता फरसबंद वाटा आणि झाडं होती, काकांना काहीच ओळखू येईना. दगडांवर ताजे इंग्रजी आकडे रंगवलेले होते. दाराशी राखणदार बसला होता. काकू म्हणाल्या, त्याला चिठ्ठी दाखवूया. "यात विचारायचं काय?" म्हणत काका चिठ्ठी खिशात घालून पुढे झाले. दोघं एकोणपन्नास नंबरच्या दगडाला वळसा घालून गेली. काकूंच्या पदराचा काठ त्या दगडाला घासला.

एकसष्टपाशी काकूंनी पिशवीतून झबलं काढलं. ते त्यांनी त्या वेळी शिवलेलं होतं. त्यांनी ते दगडावर पसरलं, गुडघे टेकले आणि जमिनीला तोंड लावून नाव सांगितलं, "मैथिली." मग कुर्रर्र केलं. काका तोंड फिरवून रडत होते. इतकी वर्षं त्यांनी हा विषय घरात काढू दिला नव्हता.

साडेचारच्या आत जहाजावर पोचायचं होतं. आम्ही चार वाजता बंदरावर आलो. ओरखड्यांवरून वाद नको म्हणून गाडी परत करताना लोक चारी बाजूंनी फोटो काढतात. काकाही काढू लागले. मागच्या बाजूला आले आणि फोन तसाच हातात राहिला. माझ्या पाटीचे शेवटचे दोन आकडे चार आणि नऊ. काकांनी खिशातली चिठ्ठी काढून त्यांच्याशेजारी धरली. मग ते माझ्या डिकीला टेकून खाली बसले.

काकू समोर, ड्यूटी संपूनही त्यांच्यासाठी थांबलेल्या हमदुल्लाला सांगत होत्या, पोरीचं बारसं करून आले, आता डोळे मिटायला हरकत नाही. मग त्यांनी विचारलं, "अहो, काय झालं? कुठे लागलंय का गाडीला?"

काकांना उठायला वेळ लागला. "नाही गं," ते म्हणाले. "काही नाही झालेलं."

पाचला जहाज सुटलं.

मित्रांनो, मला धुवा-पुसा, जपून चालवा, असं मी एरवी म्हटलं असतं. आज म्हणत नाही. माझ्यावरचे ओरखडे निघतात. तुम्हाला देवानं जीभ दिली आहे, तर वाचता येत नाही ते विचारत जा, आणि येतं असं वाटलं तरी एकदा विचारा. राखणदार दहा पावलांवर बसला होता. एकोणपन्नास नंबरची मुलगी अजून बिननावाचीच आहे.