तीन मिनिटे पुढे असलेले घड्याळ

माझे पणजोबा कारखान्याचा भोंगा वाजवीत. सारे गाव त्यांच्या एका हाताच्या हालचालीवर उठे आणि कामाला लागे. आजोबा ग्रामोफोन दुरुस्त करीत, आणि दुरुस्त झालेले यंत्र गिऱ्हाइकाला परत करण्यापूर्वी तपासणीच्या नावाखाली आठवडाभर स्वतःच्या उशाशी ठेवीत. माझी आई चित्रपटगृहाच्या दारात तिकिटे फाडी. परंतु मध्यंतरात कोणती तबकडी लागेल हे तीच ठरवी, आणि त्यावर ब्र काढण्याची मालकाची छाती नव्हती. लोकांनी काय ऐकावे हे ठरवण्याचे काम अशा रीतीने आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आले आणि चौथ्या पिढीत माझ्याकडे पोहोचले. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. गेली छत्तीस वर्षे दर गुरुवारी पाच ते सहा या वेळेत मी रेडिओवर ‘पहिल्यांदाच’ हा कार्यक्रम सादर करते. त्यात फक्त नवी गाणी लागतात. ज्यांना जुनी ऐकायची असतील त्यांनी आठवड्याचे उरलेले सहा दिवस खुशाल ऐकावीत.

माझी पारख करण्याची पद्धत साधी आहे. आठवड्याला चाळीसएक गाणी येतात. मी ती स्वयंपाकघरातल्या लहानशा स्पीकरवर, मटार सोलता सोलता ऐकते. त्या स्पीकरचा खर्जाचा पडदा फाटलेला आहे, आणि मी तो मुद्दाम बदललेला नाही. जे गाणे त्यातूनही तगते ते कुठेही तगेल. सोलणारा हात थांबला तर गाण्यापुढे एक खूण. हात बहकून दाणे कचऱ्यात आणि सालपटे पातेल्यात जाऊ लागली तर दोन. अशा वेळी माझी सून पातेले उचलून नेते.

दोन खुणांचे गाणेसुद्धा मी प्रत्यक्ष मैफलीत ऐकल्याखेरीज लावीत नाही. ध्वनिमुद्रणात सुरकुत्या बुजवता येतात; मंचावर तार तुटते, वीज जाते, शब्द विसरतात, आणि मग माणूस कळतो. मैफलीत पुढे उभे राहणे हा अडाणीपणा आहे. मी आवाज सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाच्या शेजारी घडीचे स्टूल टाकून बसते आणि त्याच्या पायाकडे लक्ष ठेवते. बिचारा रोज तीन-तीन मंडळ्या ऐकून विटलेला असतो. त्याचा पाय हलला म्हणजे गाणे खरे आहे असे समजावे.

गेल्या महिन्यात ‘गळका नळ’ अशा अचाट नावाच्या मंडळीचे गाणे आले. दोन ढोलक्या, एक गिटार आणि एका मुलीचा आवाज. पहिल्याच कडव्यात माझा हात थांबला. दुसऱ्या कडव्यात पातेले कलंडले. छत्तीस वर्षांत प्रथमच मी तीन खुणा केल्या आणि सुनेला म्हटले की हे गाणे ऐकून मला धावावेसे वाटते आहे. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि दार लावून घेतले.

एक गोष्ट मात्र खटकली. ‘जिने मोजत आले मी, आता दार’ या ओळीवर आवाज कात्रीने कापल्यासारखा थांबत होता. पुढे तीन मिनिटे नुसत्या ढोलक्या. आणि ती चाल मी पूर्वी कधीतरी ऐकलेली होती. मी मनाला समजावले की ही आजकालची तऱ्हा असेल. मन समजले नाही.

रविवारी दुपारी मोटारींच्या एका गॅरेजमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. जॅकवर चढवलेली एक गाडी तशीच होती आणि तिच्याखाली आडवे पडून दोघे जण ऐकत होते. गाणे सुरू झाले. तंत्रज्ञाचा एक पाय हलला, मग दुसरा, मग तो खुर्चीतून उठला. मीही उठले. पुढचे मला नीटसे सांगता येत नाही. गुडघ्याचा पट्टा घोट्यापर्यंत घसरला, अंबाडा सुटला, आणि एका अनोळखी रंगाऱ्याचा हात धरून मी गोल फिरत होते, हे मला नंतर साक्षीदारांकडून कळले. आनंद इतका झाला होता की तो शरीरात मावत नव्हता. हात, पाय, मान, जिथून वाट मिळेल तिथून तो बाहेर पडत होता.

आणि मग ती ओळ आली. ‘जिने मोजत आले मी, आता दार.’ आवाज थांबला. मीही रंगाऱ्याचा हात सोडून जागच्या जागी थांबले, कारण याच शब्दावर एक आवाज पूर्वी कुणी थांबवला होता ते मला आठवले. तो मी थांबवला होता.

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी एक तरुण गायिका माझ्या कार्यक्रमात प्रत्यक्ष गायला आली होती. माझ्या स्टुडिओतले घड्याळ मी पहिल्या दिवसापासून तीन मिनिटे पुढे ठेवलेले आहे. वेळेमागे धावत जाण्यापेक्षा तिच्यापुढे जाऊन बसावे, अशी माझी शिस्त. घड्याळ पाहायचे आणि मनातल्या मनात तीन वजा करायचे, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली की झोपेतही चुकले नसते. त्या दिवशी जागेपणी चुकले. तिच्या गाण्याने मला वेड लावले होते. भानावर आले तो घड्याळात सहा वाजलेले. सहाच्या बातम्या म्हणजे आमच्याकडे दगडावरची रेघ. मी आवाजाची कळ खाली ओढली, ‘दार’ या शब्दावर तिला तोडले आणि श्रोत्यांना सांगितले, “गायिकेला वेळेचं भान राहिलं नाही, त्याबद्दल क्षमस्व.” पलीकडे बातम्यांची खोली रिकामी होती. खरे तर सहाला तीन मिनिटे कमी होती, आणि तिचे गाणे बरोबर सहाला संपणार होते. ती तीन मिनिटे मी हवामानावर बोलून काढली. ती मुलगी समोर उभी राहून घड्याळाकडे आणि माझ्याकडे पाहत होती. तिला चूक कळली होती, आणि तिला कळले आहे हे मला कळले होते. मी मान वळवली. ती पुन्हा कधी कुठे गायल्याचे मी ऐकले नाही.

गॅरेजमधली मुलगी तिची लेक होती. मी विचारताच तिने सांगितले की आई काम करताना हे गाणे गुणगुणते आणि दर वेळी ‘दार’ला थांबते, गाणे तिथेच संपते असे आपण लहानपणापासून समजत आलो. पुढचे काय, असे एकदा विचारले तेव्हा आई म्हणाली होती की पुढचे ऐकायला कुणी थांबलेच नाही.

“आई काय काम करते तुझी?”

“कवळ्या बनवते, आजी. हवी आहे का तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. फळीवर दातांच्या वीसएक जोड्या मांडलेल्या होत्या आणि सगळ्या मला हसत होत्या. ती साच्यात मेण ओतत होती. वयाने पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर. तिने मला ओळखले, पण हातातले काम थांबवले नाही.

“बाई, तुम्ही बोलताना वरची कवळी हलते,” ती म्हणाली. “दर गुरुवारी कानाला लागतं माझ्या.”

मी थक्क होऊन विचारले की ती अजून माझा कार्यक्रम ऐकते कशाला.

“गाणी चांगली लावता. गाण्यांशी माझं कुठे भांडण आहे?”

मी रात्रभर जुळवलेली माफीची वाक्ये काढू लागले. तिने मेणाने माखलेला हात वर केला.

“इथे नको. इथे तुम्ही मला काही बोलला नव्हतात. जिथे बोललात तिथे बोला, आणि मग माझं गाणं पुरं होऊ द्या. जमेल?”

जमेल, असे मी म्हटले. तीन पिढ्यांच्या नावाने मी ताठ मानेने बसत आले होते. साऱ्या गावासमोर ती मान खाली घालायची होती.

केंद्राचा सध्याचा प्रमुख माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आहे. मी त्याला योजना सांगितली: पाच बावन्नला माझी कबुली, पाच त्रेपन्नला गाणे, सहाला बातम्या. त्याने सगळे लिहून घेतले आणि काळजीने विचारले, “मावशी, कबूल करायला तुला एक मिनिट पुरेल?” मी त्याला सुनावले की मला बोलायला शिकवू नकोस. तो म्हणाला की बोलण्याची काळजी नाही, कबुलीचा तुला सराव नाही.

कार्ट्याचे म्हणणे खरे ठरले. गुरुवारी ती मायक्रोफोनपुढे उभी राहिली, मागे लेक आणि ‘गळका नळ’ची दोन पोरे ढोलक्या घेऊन. मी पाच बावन्नला आरंभ केला तो घड्याळापासून. तिथून शिस्तीवर गेले, शिस्तीवरून आजोबांच्या ग्रामोफोनवर. काचेपलीकडे भाचा बोटे दाखवत होता. एवढ्यात तिने सहज जिभेने आपल्या वरच्या दाताला स्पर्श केला. माझी कवळी हलत होती. मला हसू फुटले, आणि हसता हसता वाक्य बाहेर पडले: “एकोणतीस वर्षांपूर्वी वेळेचं भान या गायिकेला होतं, मला नव्हतं. चूक माझी, आणि ठपका मी यांच्यावर ठेवला.” जिभेवरून जणू पोते उतरले.

तीन वजा करून मी घड्याळ पाहिले. पाच छप्पन्न झाले होते. सात मिनिटांचे गाणे.

ती गायला लागली. काय सांगू, आवाज जाड झाला होता, थोडा खरखरीतही, आणि गॅरेजमधल्यासारखेच माझे पाय टेबलाखाली आपोआप चालू लागले. पोरे ढोलक्या अशा वाजवत होती की पाण्याचा पेला सरकत सरकत कडेला आला आणि मी तो पडू दिला. चार मिनिटे गेली. ‘जिने मोजत आले मी, आता दार’, आणि नेमके त्याच क्षणी खरोखरचे सहा वाजले. काचेपलीकडे निवेदिका कागद सावरून, तोंड उघडून बसलेली. भाच्याने गळ्यावरून हात फिरवून खूण केली. छत्तीस वर्षांत माझ्या हातून बातम्या एका सेकंदानेही लांबल्या नव्हत्या. त्याचा मला किती ताठा आहे हे सारे केंद्र जाणते. गायिकेची नजर माझ्या हातावर होती. भाचा लहान असताना ज्या नजरेने मी त्याला पानावरून उठू देत नसे त्या नजरेने मी काचेकडे पाहिले, आणि दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर बसले.

‘आता दार नको, खिडकी दे,’ ती गायली.

खिडकी! एकोणतीस वर्षे मी मनात ते दार कधी उघडत होते, कधी बंद करत होते, आणि या बाईला हवी होती खिडकी. तिची लेक ढोलकीवाल्या पोराकडे तोंड वासून पाहत होती. तिनेही हे प्रथमच ऐकले होते. मग त्या खिडकीतून आईने काय काय आत घेतले, पाखरे, धूर, शेजारणीचे भांडण, शिट्टी मारणारा पोस्टमन, ते सारे पूर्ण तीन मिनिटे चालले, आणि काचेपलीकडे निवेदिकेची मान डोलू लागली. भाचा टेबलावर ताल धरून होता.

शेवटचा सूर विरला. तिने घड्याळाकडे पाहिले. सहा वाजून सहा मिनिटे.

“अजून पुढेच ठेवता?”

“हो,” मी म्हटले, आणि मायक्रोफोन जवळ ओढला. “श्रोतेहो, बातम्या तीन मिनिटं उशिरा सुरू होत आहेत. उशीर माझ्यामुळे झाला.”

तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर उतरवला आणि माझ्याकडे एकवार नीट पाहून घेतले.

“फिटलं, बाई,” ती म्हणाली. “सगळं फिटलं.”