तिसरा डबा

नवऱ्याला जाऊन दोन महिने होत नाहीत तोच थोरल्या दिरानं धाकटीला खानावळीच्या मागच्या दाराशी बोलावलं. बारा वर्षं त्या चुलीपुढं तिनं घाम गाळला होता.

"आता इथं बडी माणसं येणार," तो म्हणाला. "काचेचे दरवाजे बसवतोय. तुला येतो तो गरिबाघरचा स्वयंपाक. ही पोती घेऊन जा, दोघी मायलेकी जगाल त्यावर."

पोत्यांत तांदळाची कणी, मसूर आणि कोंब फुटलेले कांदे होते. जाऊ आतून बघत होती. धाकटी रडली नाही. "बरं, भावजी," एवढंच म्हणाली. आतून मात्र लाही लाही होत होती.

तिनं जागा घेतली ती बरोब्बर समोर. टायरवाल्याची पत्र्याची शेड होती, गळकी. जाणूनबुजून घेतली. कणी आणि मसूर एकाच पातेल्यात मंद शिजवायची, वर कांदा तेलात अगदी काळपट तांबूस होईस्तोवर परतून घालायचा. मीठ, मिरी, संपलं. दुसरा पदार्थच नाही. आणि कांदा परतायची वेळ तिनं नेमकी साधली होती. पलीकडं काचेआड बडी माणसं खुर्च्यांवर टेकली, की इकडं कढई चढायची. दरवाजा उघडला रे उघडला की वास सरळ आत! माणसं हातातली पदार्थांची यादी खाली ठेवून समोर बघायची. ते बघून धाकटीचं काळीज थंड व्हायचं.

आधी गॅरेजवाले वळले, मग शाळेतल्या बाई, मग खुद्द दिराचा आचारी. दिरानं तिच्यासारखंच पातेलं चढवून पाहिलं. त्यात लोणी ओतलं, मटण घातलं. लोकांनी एकदा खाल्लं आणि परत समोर आले.

वर्षभरानं तो स्वतः रस्ता ओलांडून आला.

"झालं गेलं विसर. परत ये. पाटीवर तुझं नाव लावतो."

"रांगेत या, भावजी. जेवून बोलू."

तो भर उन्हात उभा राहिला. धाकटी पुढच्यांना पळी भरभरून वाढत होती. कुणी मागो न मागो, वर आणखी एक पळी. त्याची पाळी आली तेव्हा तिनं पातेलं कलतं करून दाखवलं. बुडाची खरवडसुद्धा तिनं काढून दिली होती.

"संपलं."

गॅरेजवाले फिदीफिदी हसले. तो मान खाली घालून गेला. पावसाळ्याआधीच त्याच्या खानावळीला कुलूप लागलं.

मग एका दुपारी जाऊ आली. हातात तीन डबे. चेहरा उतरलेला.

"घरात काही नाही गं. पोरं सकाळपासून उपाशी आहेत."

"पोरांनी माझं काय वाकडं केलंय, ताई?" धाकटीनं पहिला डबा दाबून भरला, वर कांदा घातला. दुसराही भरला. "हा तुमचा ना?"

जावेनं मान डोलावली. तिसरा डबा तिनं हळूच पुढं सरकवला.

धाकटीनं तो उचलला, स्वच्छ पुसला, झाकण घट्ट लावलं आणि रिकामाच तिच्या पिशवीत ठेवला.

"सांगा भावजींना, हाही मीच पाठवलाय."