चौदा इंचांची मान

म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या निवृत्तीअप्पा शिंप्यांनी चाळीस वर्षांत शिवलेला एकही कपडा पुन्हा उसवला नव्हता. कपडा अंगाला बसला नाही, तर ते अंगाकडे संशयाने बघत. एका वकिलाचा कोट आखूड झाला, तेव्हा अप्पांनी त्याला चार दिवसांत उंची कमी करायला सांगितलं. त्याने केली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

माप घेताना अप्पा तोंडाकडे बघत नसत, टेपकडे बघत. सात वर्षांचा नातू धनुष शाळेच्या नव्या शर्टासाठी समोर उभा राहिला आणि कण्हला, "अज्जा, गिळताना दुखतं."

"हलू नको, अष्टे, एवढंच," म्हणत अप्पांनी वहीत लिहिलं: मान चौदा.

दुपारी आजीने, म्हणजे मालतीबाईंनी, पोराचा चेहरा पाहिला. दोन्ही गालांत म्हैसूरपाकाची एकेक वडी कोंबल्यासारखी! "अय्यो, हे गालगुंड की हो!"

पुण्याहून येऊन गोकुलममध्ये दवाखाना थाटलेल्या डॉक्टर स्पृहांनी तपासलं. मऊ खायला द्या, पाणी पाजा, शाळेत पाठवू नका, आपोआप उतरेल. उतरलंही.

बाराव्या दिवशी धनुषने नवा शर्ट घातला आणि घरात हाहाकार उडाला. कॉलर आणि मान यांच्या मधून मांजराचं पिल्लू आरपार जाईल एवढी जागा. पिल्लू गेलंच, आणि आवडलं म्हणून परत आलं.

"पोर वाळलं!" मालतीबाई ओरडल्या.

"अत्ते, सूज उतरली," सून रक्षिता म्हणाली. "मान आपली पहिल्यासारखी झाली."

"म्हणजे यांची कॉलर खोटं बोलते?"

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

मग मान चौदावर आणायची मोहीम सुरू झाली. वरुणा गावाहून रोज दूध येई, पण ते पुरेना, तेव्हा गवळ्याने म्हैसच आणून शिलाई मशीनला बांधली. सकाळी तुपातला डोसा, दुपारी तुपात बुडालेला नाचणीचा गोळा, म्हणजे रागीमुद्दा, संध्याकाळी नुसतं तूप. अप्पा तापाचा तक्ता ठेवावा तसं दिवसातून तीनदा मानेचं माप लिहीत: अकरा, अकरा, अकरा. वाढलं ते पोट. आठव्या दिवशी शर्टाचं एक बटण सुटलं, ते पंख्याला आपटून थेट शेजारच्या सांबारात पडलं.

"साकु, अज्जा, पुरे!" धनुष पोट धरून रडायला लागला. रक्षिताने त्याला उचललं, शर्ट बगलेत मारला आणि दवाखाना गाठला. मागोमाग अप्पा.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "अप्पा, मुलगा ठणठणीत आहे. पोटदुखी तुमच्या तुपाची. आजारी आहे ती कॉलर!"

त्या चिडून बोलल्या होत्या. अप्पांनी मात्र शर्ट हळुवारपणे तपासणीच्या टेबलावर निजवला.

"पोराचं दुखणं ह्याला लागलं म्हणता? लागेल हो. हाही लहानच. तीन आठवड्यांचा."

डॉक्टर तोंड उघडणार, तोच मागून रक्षिताने हात जोडले. त्यांनी पोराकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं आणि कागद ओढला. "धनुषला सारू-भात, तूप बंद. शर्टाला पाच दिवस वेगळं ठेवा. सुनेशिवाय कोणी जवळ जायचं नाही."

शर्ट माडीवर एकटा टांगला गेला. मालतीबाई खालूनच त्याची चौकशी करत.

सहाव्या दिवशी रक्षिताने तो खाली आणला. अप्पांनी कॉलरला टेप लावला. अकरा. मग त्यांचं बोट कॉलरच्या शिवणीवरून सरकत गेलं आणि मधेच थांबलं.

"हा टाका माझा नाही."

रक्षिताने सुई टोचलेलं बोट पाठीमागे लपवलं. धनुषने श्वास रोखला, म्हशीनेही रवंथ थांबवला.

अप्पांनी सुनेकडे पाहिलं, मग नातवाच्या पोटाकडे.

"दुखण्यातून उठल्यावर असे वण राहतातच," ते म्हणाले. "मालती, ते तुपाचं पातेलं उचल."