आत्याने मापलेलं ऊन

सायखेड्याच्या आमच्या घरात मार्गशीर्षातलं दुपारचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येई, फरशीवर फिकट पिवळा चौकोन पसरून निश्चल पडून राही, आणि माझी सिंधूआत्या त्या चौकोनाच्या कडेला कोळशाची बारीक रेघ ओढी. सूर्य दक्षिणेकडे ढळत जाई तसतसं ऊन खोलीत खोल शिरे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास रेघा एकमेकींवरच पडू लागत, आणि मग एका दुपारी ऊन आदल्या रेघेच्या अलीकडेच थबके. आत्या गुडघे टेकून, कपाळाला आठी घालून ते न्याहाळी. “फिरला,” एवढंच म्हणे. कॅलेंडरच्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता.

भरवसा उडाला होता तो तिच्या यजमानांमुळे. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना सिन्नरच्या एका कारखान्यात काम लागलं. तिला माहेरी, म्हणजे माझ्या वडिलांकडे, सोडताना ते म्हणाले होते, “खोली लहान हाय, थंडी लय. दिवस मोठा झाला का घेऊन जातो.” दिवस मोठा झाला, पुन्हा लहान झाला. ते आले नाहीत.

फोन मात्र येत. आत्या मोबाइल कानाशी घट्ट धरी, डोळे मिटून घेई, आणि त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या बोलण्यामागची शांतता ऐके. गढूळ पाण्यात तळ शोधावा तशी ती त्या आवाजात काही चाचपत असे. एकदा तिला कुकरची शिट्टी ऐकू आली. स्वतःचा चहाही न करणारा तो माणूस. “शेजारचा हाय,” ते म्हणाले. नंतर दोन हिवाळे ती शिट्टी शेजाऱ्यांचीच राहिली. आत्याने भांडण केलं नाही. फक्त तिच्या नजरेत एक बारीक चाळण आली. त्या चाळणीतून दूधवाल्याचा रतीब गेला, माझ्या आईची सहानुभूती गेली, मी आणलेलं शाळेतलं प्रगतिपुस्तकसुद्धा गेलं.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठातल्या एका लांबलचक संध्याकाळी, गोदावरीवरचा उजेड काही केल्या मावळत नव्हता तेव्हा, ते एसटीतून उतरून थेट अंगणात आले. हातात साडीचा पुडा. माझ्या वडिलांनी “या दाजी,” म्हणत बाज पुढे केली. आत्या दारातच उभी राहिली.

“चल, न्यायला आलो,” ते म्हणाले.

“कुकर कुठं गेला?”

ते खाली पाहू लागले. “गेली ती. दोन महिने झाले.”

“आन् फोनात मागं कण्हतं कोण? आई पडल्यात ना?”

मग ते हळूच म्हणाले, “कुशीवर वळता येत नाय तिला.”

वडील संतापून उठले, पण आत्याने हाताने त्यांना थांबवलं. नवी नवरी असताना तिला ताप आला होता, तेव्हा सासू सात दिवस तिच्या उशाशी बसली होती. आमच्या घराला हे ठाऊक होतं. “येते,” ती म्हणाली. “आई हायेत तवर. पुढचं बोलू नका.” साडीचा पुडा तिने बाजेवरच ठेवला.

सासूने दिवाळीनंतरच्या पहिल्या कडाक्यात प्राण सोडला. तेरावा उरकला आणि आत्या एकटीच जीप बदलत बदलत परत आली. ओठ थंडीने फुटलेले, हात औषधाच्या वासाचे.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी नाशिकला नोकरीला लागले आणि ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा गच्चीवर गहू वाळत घालताना ती आपणहून बोलली. “निघताना म्हणाले, आता राहा. डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं, या टायमाला खरं बोलतोय.”

“मग?”

“मग काय? वाटलं, एवढंच. वाटण्यावर कोण घर बांधतं?” असं म्हणून ती गव्हातला खडा शोधू लागली, आणि तो सापडेना तरी तिची बोटं थांबेनात.

ते दोघंही आता नाहीत. तो माणूस त्या दिवशी खोटं बोलत होता, असं मी स्वतःला पुष्कळदा बजावते, कारण तसं मानलं की तिचं एकटेपण सोसवतं. काळ खरं-खोटं निवडून देतो म्हणतात. पण ज्या घरात ती पुढे राहिलीच नाही, तिथलं खरं-खोटं तो कुठून निवडणार, आणि माझ्या आठवणीला तरी त्या दारातून आत कसं जाता येणार?